डेनिस रिची : नाव आणि वस्तू यांतील अंतर ओळखणारा संगणकशास्त्रज्ञ

ऑक्टोबर २०११ च्या पहिल्या आठवड्यात ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले, तेव्हा जगभरातील वृत्तपत्रांची पाने त्यांच्या आठवणींनी भरून गेली. त्यानंतर अवघ्या आठवडाभराने, १२ ऑक्टोबर रोजी, अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील बर्कली हाइट्स या गावी एकटेच राहणारे सत्तर वर्षांचे एक अविवाहित गृहस्थ आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. या बातमीला त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. ते गृहस्थ होते डेनिस मॅकॲलिस्टर रिची. ‘सी’ ही संगणकीय भाषा त्यांनी घडविली आणि केन थॉम्पसन यांच्यासह ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली उभी केली. जॉब्ज यांच्या संगणकांचा आणि दूरध्वनींचा पायासुद्धा युनिक्सच्याच कुळातला होता.

‘सी’चे जनक म्हणून रिची यांचे नाव निदान अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. महाराष्ट्रात तर नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकामुळे ही भाषा वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांत पोहोचली. परंतु रिची यांच्या कार्याचा आणखी एक भाग असा आहे, की तो रोज वापरूनही कोणाच्या लक्षात येत नाही. संगणकातील फाईल आणि तिचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार युनिक्सने रुजविला. एकाच वस्तूला अनेक नावांनी हाक मारण्याची, तिचा पत्ता बदलला तरी जुन्या वाटेने तिच्यापर्यंत पोहोचण्याची जी सोय आज जगातील लक्षावधी सर्व्हरना लागते, तिचे मूळ या विचारात आहे. गंमत अशी, की त्या सोयीचे सर्वांत लोकप्रिय रूप, म्हणजेच ‘सिम्बॉलिक लिंक’, रिची यांच्या मूळ आराखड्यात नव्हते.

वडिलांच्या पावलावर

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. त्यांचे बालपण न्यू जर्सीतील समिट या गावी गेले. वडील ॲलिस्टर रिची हे बेल प्रयोगशाळेत दूरध्वनीच्या जोडण्या करणाऱ्या मंडलांचे तज्ज्ञ होते आणि त्या विषयावरील एका प्रमाणभूत ग्रंथाचे सहलेखकही होते. मुलाने हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले, १९६३ मध्ये पदवी मिळविली आणि नंतर उपयोजित गणिताकडे वळून डॉक्टरेटसाठी संशोधन केले.

या डॉक्टरेटची कथा मोठी विलक्षण आहे. प्रबंध १९६८ मध्ये लिहून पूर्ण झाला होता. परंतु त्याची बांधीव प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात रीतसर जमा झाली नाही आणि त्यामुळे पदवी अधिकृतपणे कधीच मिळाली नाही. काम पूर्ण झाले होते, फक्त त्याची नोंद झाली नव्हती. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०२० मध्ये हा प्रबंध सर्वांसाठी खुला केला, तेव्हा रिची यांना जाऊन नऊ वर्षे होत आली होती.

दरम्यान १९६७ मध्येच ते न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत दाखल झाले होते. वडिलांनी जेथे आयुष्य वेचले, त्याच संस्थेत पुढील चाळीस वर्षे त्यांनी काढली.

फसलेला प्रकल्प, उरलेला धडा

त्या काळी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा मिळून ‘मल्टिक्स’ नावाची भव्य कार्यप्रणाली तयार करीत होत्या. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, प्रत्येकाच्या फायली झाडाच्या फांद्यांप्रमाणे डिरेक्टरींमध्ये मांडाव्यात आणि एका डिरेक्टरीतून दुसरीकडील फाईल दाखविणारे दुवेही ठेवता यावेत, अशी तिची रचना होती. मल्टिक्समधील दुवा म्हणजे दुसऱ्या नोंदीचा लिहून ठेवलेला पत्ता होता. आजच्या सिम्बॉलिक लिंकचा हा पूर्वज म्हणता येईल.

प्रकल्प लांबत गेला, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. थॉम्पसन, रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र एकत्र बसून काम करता येईल असे वातावरण गमवायचे नव्हते. नवा संगणक घेण्याच्या त्यांच्या मागण्या व्यवस्थापनाने मान्य केल्या नाहीत. अखेर कोपऱ्यात पडून असलेला, फारसा वापरात नसलेला डिजिटल कंपनीचा पीडीपी-७ हा छोटा संगणक थॉम्पसन यांच्या हाती लागला आणि त्यावर युनिक्सचा जन्म झाला.

फायलींच्या व्यवस्थेचा आराखडा त्यापूर्वीच थॉम्पसन, रड कॅनडे आणि रिची या तिघांनी फळ्यावर खडूने आखला होता. मल्टिक्सचा पसारा टाळायचा आणि कमीत कमी कल्पनांत जास्तीत जास्त काम साधायचे, हे त्यामागचे सूत्र होते. प्रत्येक फाईलला एक क्रमांक द्यायचा. ती किती मोठी आहे, कोणाच्या मालकीची आहे, डिस्कवर कोठे ठेवली आहे, ही सारी माहिती त्या क्रमांकाच्या नोंदीत ठेवायची. पुढे या नोंदीला ‘आयनोड’ हे नाव रूढ झाले. डिरेक्टरीत मात्र फक्त दोनच गोष्टी लिहायच्या, एक नाव आणि त्यासमोर तो क्रमांक.

गावाकडे शेताला लोक आंब्याचा मळा म्हणतात, ओढ्याकाठचे म्हणतात, थोरल्याचे वावर म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरात मात्र त्याचा गट क्रमांक एकच असतो. युनिक्समधील फाईलचे तसेच आहे. नावे कितीही असोत, सर्व एकाच क्रमांकाकडे बोट दाखवितात आणि त्यांतील कोणतेही नाव मूळ आणि कोणतेही दुय्यम नसते. याच नावांना पुढे ‘हार्ड लिंक’ म्हटले जाऊ लागले.

पीडीपी-७ वरील त्या पहिल्या युनिक्समध्ये तर संपूर्ण मार्ग लिहून फाईल उघडण्याची सोयच नव्हती. वापरणाऱ्याला केवळ चालू डिरेक्टरीतील साधे नाव देता येत असे. ही उणीव भरून काढण्याचे काम दुव्यांनीच केले. काही ठरलेल्या संकेतांनुसार हवी ती फाईल दुव्याने आपल्या डिरेक्टरीत आणून घ्यायची आणि काम करायचे, अशी पद्धत होती. आज सहज टंकित केले जाणारे लांबलचक मार्ग पुढे पीडीपी-११ या संगणकावरील आवृत्तीत आले. युनिक्सच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाली. प्रणालीचे पहिले बाहेरचे गिऱ्हाईक होते बेल प्रयोगशाळेचा पेटंट विभाग. पेटंटचे अर्ज टंकित करण्यासाठी तो युनिक्स वापरू लागला.

पुसणे म्हणजे काय?

या रचनेचा सर्वांत सुंदर परिणाम फाईल पुसण्याच्या क्रियेत दिसतो. युनिक्समध्ये फाईल पुसण्यासाठी जी मूळ आज्ञा गाभ्याला दिली जाते, तिचे नाव ‘अनलिंक’ असे आहे. म्हणजे फाईल नष्ट करा असे कोणी सांगतच नाही, एक नाव तोडा एवढेच सांगितले जाते. आयनोडमध्ये एकूण किती नावे शिल्लक आहेत याची मोजणी ठेवलेली असते. ती शून्यावर आली आणि कोणताही कार्यक्रम ती फाईल वापरीत नसला, की मगच तिची जागा मोकळी होते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये फाईलचे नाव बदलणे म्हणजेसुद्धा नवे नाव जोडणे आणि जुने तोडणे एवढेच होते. फाईल जागची हलतच नसे.

थॉम्पसन आणि रिची यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये एका परिषदेत युनिक्सची माहिती मांडली आणि जुलै १९७४ मध्ये तिच्यावरील त्यांचा शोधनिबंध अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोवर प्रणालीचा गाभा रिची यांनी तयार केलेल्या ‘सी’ भाषेत नव्याने लिहिला गेला होता. शोधनिबंधात या दुव्यांचे वर्णन आहे आणि त्यांच्या मर्यादाही प्रांजळपणे नोंदविल्या आहेत. पहिली मर्यादा अशी, की सामान्य वापरकर्त्याला डिरेक्टरीला दुसरे नाव देता येत नव्हते, कारण तसे केल्यास झाडाचे जाळे होऊन त्यात भटकण्याचा धोका होता. दुसरी मर्यादा अशी, की एका डिस्कवरील व्यवस्थेतून दुसऱ्या डिस्कवरील फाईलला दुवा देता येत नव्हता. त्या काळी डिस्क काढून नेता येत असत. डिस्क काढली, की तिच्याकडे बोट दाखविणारी सर्व नावे शोधून पुसत बसावे लागले असते. हा हिशेब टाळण्यासाठी लेखकांनी ती सोयच नाकारली होती.

नियम शुद्ध होता, परंतु व्यवहार थांबत नव्हता. बेल प्रयोगशाळेतच पहिली डिस्क भरू लागली, तेव्हा वापरकर्त्यांसाठी राखलेल्या ‘यूएसआर’ या डिरेक्टरीत, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर, प्रणालीचे काही कार्यक्रम हलवावे लागले. तेव्हापासून युनिक्समध्ये कार्यक्रम दोन ठिकाणी राहू लागले. ही दोन घरे कित्येक दशके तशीच टिकली.

बर्कलीचा उपाय

रिची यांच्या निवासाच्या बर्कली हाइट्सशी नावापुरतेच साम्य असलेल्या, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी या मर्यादांवर उपाय काढला. कर्क मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायलींची व्यवस्था नव्याने लिहिली आणि ऑगस्ट १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘४.२ बीएसडी’ या आवृत्तीत सिम्बॉलिक लिंक आणली.

ही कल्पना अगदी साधी आहे. बाजारपेठेत एखादे दुकान हलते, तेव्हा जुन्या जागेवर नव्या पत्त्याची पाटी लावतात. गिऱ्हाईक पाटी वाचते आणि नव्या जागी जाते. सिम्बॉलिक लिंक ही अशीच पाटी होय. तिच्यात क्रमांक नसतो, तर दुसऱ्या फाईलचा अथवा डिरेक्टरीचा मार्ग अक्षरांत लिहिलेला असतो. कोणी ती उघडू पाहिली, की संगणकाचा गाभा तो मजकूर वाचतो आणि त्या मार्गाने पुढे जातो. पाटीवर कोणताही पत्ता लिहिता येत असल्याने दुसऱ्या डिस्कवरील फाईल दाखविता येते आणि डिरेक्टरीही दाखविता येते.

तिचे व्यावहारिक उपयोग पाहिले, की ती इतकी का रुजली ते कळते. डिस्क भरली तर मोठी डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी दुवा ठेवला, की जुन्या पत्त्यावर अवलंबून असलेले कार्यक्रम बदलावे लागत नाहीत. एखाद्या संकेतस्थळाची नवी आवृत्ती स्वतंत्र डिरेक्टरीत तयार ठेवून ‘चालू’ या नावाचा दुवा तिच्याकडे वळविला, की क्षणात बदल होतो. काही बिघडले तर दुवा मागे फिरवून जुनी आवृत्ती परत आणता येते. अनेक कार्यक्रमांना सामाईक लागणाऱ्या ग्रंथिकांच्या नेमक्या आवृत्त्या याच दुव्यांनी दाखविल्या जातात. भारतातील एखाद्या लिनक्स सर्व्हरला स्थानिक वेळ कळते, ती बहुधा ‘आशिया/कोलकाता’ या फाईलकडे बोट दाखविणाऱ्या अशाच दुव्यामुळे.

त्या जुन्या दोन घरांचा गुंतासुद्धा अखेर याच उपायाने सुटला. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१२ मध्ये सर्व कार्यक्रम ‘यूएसआर’मध्ये एकत्र आणले आणि जुन्या ‘बिन’ डिरेक्टरीच्या जागी केवळ एक सिम्बॉलिक लिंक ठेवली. इतर प्रमुख वितरणांनीही पुढे तोच मार्ग धरला. एका भरलेल्या डिस्कमुळे पडलेली फूट चार दशकांनंतर एका पाटीने सांधली गेली.

सोयीची किंमत

मात्र पाटी आणि दुकान यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. दुकान पुन्हा हलले किंवा बंद झाले, तरी पाटी तशीच राहते. मूळ फाईल पुसली तर सिम्बॉलिक लिंक उरते, पण ती कोठेच नेत नाही. हार्ड लिंकच्या बाबतीत असे कधीच होऊ शकत नाही, कारण नाव आहे तोवर वस्तू आहेच. दोन पाट्या एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या तर संगणक फिरतच राहील, म्हणून किती दुवे ओलांडायचे यावर मर्यादा घालावी लागली. लिनक्समध्ये ती ४० आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर ठरला. ज्या कल्पनेचे पेटंट रिची यांच्या नावे १९७९ मध्ये मंजूर झाले, तिच्यामुळे एखादा कार्यक्रम तो चालविणाऱ्या व्यक्तीच्या नव्हे, तर कार्यक्रमाच्या मालकाच्या अधिकाराने चालू शकतो. सामान्य वापरकर्त्याला आपला परवलीचा शब्द बदलता येतो तो यामुळेच. परंतु असा अधिकारी कार्यक्रम सर्वांना खुल्या असलेल्या डिरेक्टरीत तात्पुरती फाईल लिहिणार असेल आणि कोणी त्याच नावाची सिम्बॉलिक लिंक आधीच तेथे ठेवून ती महत्त्वाच्या फाईलकडे वळविली असेल, तर कार्यक्रम नकळत त्या महत्त्वाच्या फाईलवरच लिहितो. या युक्तीने अनेक वर्षे सर्व्हर चालविणाऱ्यांना त्रास दिला. लिनक्सच्या गाभ्यात तिच्याविरुद्ध खास तटबंदी आली ती २०१२ मध्ये.

बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सनेही १९८० च्या दशकात सिम्बॉलिक लिंक स्वीकारली. परंतु पुढे त्याच मंडळींनी ‘प्लॅन ९’ ही नवी कार्यप्रणाली लिहिली, तेव्हा तिच्यात सिम्बॉलिक लिंकला जागा दिली नाही. १९९० पासून रिची ज्या विभागाचे प्रमुख होते, त्याच विभागातून ही प्रणाली बाहेर आली. एका ठिकाणाहून पाटीच्या वाटेने आत शिरले, की मागे वळताना आपण नेमके कोठून आलो हे सांगता येत नाही, हा तेथील मंडळींचा मुख्य आक्षेप होता. त्याऐवजी प्रत्येक कार्यक्रमाला फायलींच्या झाडाचे स्वतःचे दृश्य मिळावे आणि हव्या त्या फांद्या त्यात जोडता याव्यात, अशी रचना त्यांनी केली. प्लॅन ९ बाजारात रुजली नाही, पण ही कल्पना नंतर लिनक्समध्ये आली आणि आज एकाच सर्व्हरवर अनेक कार्यक्रम एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या ‘कंटेनर’ तंत्रज्ञानाचा ती एक आधार आहे. व्यवहारात पाटी जिंकली, तरी तिच्याविरुद्धचा आक्षेप चुकीचा नव्हता.

प्रसिद्धीपासून दूर

ब्रायन कर्निघन यांच्यासह रिची यांनी लिहिलेले ‘सी’ भाषेवरील पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नेमक्या, थोडक्या लेखनाचा आदर्श म्हणून गाजले. संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना विभागून मिळाला. सिम्बॉलिक लिंक बाहेर आली तेही हेच वर्ष. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ मध्ये जपान पुरस्कार हे सन्मानही दोघांना एकत्रच लाभले. सहकाऱ्यांमध्ये मात्र रिची अखेरपर्यंत ‘डीएमआर’ या त्यांच्या लॉगिनच्या तीन अक्षरांनीच ओळखले जात. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच आलेली फेडोराची सोळावी आवृत्ती आणि जानेवारी २०१२ मधील फ्रीबीएसडीची ९.० ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. खिशातील अँड्रॉइड फोनपासून मोठमोठ्या संगणक केंद्रांपर्यंत लिनक्स चालणाऱ्या प्रत्येक यंत्रात आज आयनोड आहेत, दुवे आहेत आणि नावे मोजण्याची ती जुनी रीतही आहे. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना रिची हे नाव ठाऊक नसते. परंतु त्यांनीच घालून दिलेल्या नियमाप्रमाणे एखादे नाव पुसले गेल्याने वस्तू नाहीशी होत नाही. जोवर एक तरी दुवा शिल्लक आहे, तोवर ती जागची हलत नाही.